पीव्हीपी वाढवलं तरी फ्लक्स का घटला? मेम्ब्रेनची छिद्रं आणि अ‍ॅडिटिव्हचं खरं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही पॉलिइथरसल्फोनची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पीईएसची, मेम्ब्रेन, म्हणजे गाळणीचे पातळ पडदे, ओतताय. पीईएस १८ टक्के कायम ठेवलं, पीव्हीपी के-३० हा पाण्यात विरघळणारा पॉलिमर २, ४, ६, ८, १० टक्के असा चढवत नेला, बाकी एनएमपी हा द्रावक. पाण्याचा फ्लक्स, म्हणजे ठरावीक क्षेत्रातून तासाला जाणारं पाणी, ६ टक्क्यांपर्यंत वाढत गेला, ८ ला उतरला आणि १० ला पुन्हा ४ टक्क्यांच्या जवळ येऊन बसला. हे झालं मे महिन्यात. जुलैत तेच ६ टक्केवालं पुन्हा केलं तर फ्लक्स जवळजवळ दुप्पट निघाला, पण बीएसए, म्हणजे मेम्ब्रेननं अडवायचं चाचणीचं प्रथिन, निम्मं पलीकडे गेलं. गाइड म्हणतात, लिथियम क्लोराइड घालून बघा. शिवाय सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एका डाईंगवाल्यांनी कॅनभर रंगीत पाणी दिलंय, ते गाळून दाखवायचंय. तुमची समजूत अशी की पीव्हीपी पाण्यात विरघळून निघून जातं आणि ते निघालेल्या जागी छिद्र राहतं. मग जास्त पीव्हीपी म्हणजे जास्त छिद्रं, असं व्हायला हवं होतं. उलटं का झालं?

आधी ही समजूत सोडा. ती पुस्तकातल्या ‘पोअर फॉर्मर’ या नावानं केलेली फसवणूक आहे. मीही पहिली दोन वर्षं तिलाच धरून बसलो होतो.

साधा हिशेब करा. ६ टक्केवाल्या डोपमध्ये, म्हणजे काचेवर पसरून पाण्याच्या टबात बुडवायच्या द्रावणात, एनएमपी किती? ७६ टक्के. तेही सगळं पाण्यात निघून जातं. निघून जाणाऱ्यानं छिद्र पडत असेल तर पीव्हीपीच्या बारापट छिद्रं एनएमपीनं पाडायला हवीत, आणि पीव्हीपी शून्य असलेली मेम्ब्रेनही चाळणी व्हायला हवी. ती होत नाही. नुसत्या पीईएस-एनएमपीची शीट ओतून बघा, १८ टक्क्यांना पाणी जेमतेम जाईल. म्हणजे किती माल निघून गेला यावर छिद्र ठरत नाही. निघून जाताना पॉलिमर कसा आणि किती घाईत घट्ट झाला, यावर ते ठरतं. मिठाचे खडे घालून, साचा घट्ट झाल्यावर मीठ धुऊन काढायची पद्धत आहे, पण ती वेगळी विद्या. तुमच्या काचेवर ते घडत नाहीये.

काचेवर काय घडतं ते सांगायला मला दुधापेक्षा बरं उदाहरण सापडलेलं नाही. उकळत्या दुधात लिंबू पिळलं की ते तडकन फाटतं. दाणेदार गोळे वेगळे, निवळ वेगळी, मध्ये मोठमोठ्या फटी. तेच दूध कोमट करून विरजण लावलं की रात्रभरात सलग, गच्च दही लागतं. त्यातही पाणी असतंच, पण ते बारीक जाळ्यात अडकलेलं. दूध तेच, फरक फाटण्याच्या वेगाचा. तुमच्या डोपचं लिंबू म्हणजे टबातलं पाणी. पाणी फिल्ममध्ये शिरतं, एनएमपी बाहेर पडतं आणि एका क्षणी पीईएसला त्या मिश्रणात विरघळून राहणं जमत नाही. मग दोन भाग पडतात: पॉलिमरनं दाट झालेला आणि पॉलिमर जवळजवळ नसलेला. दाट भाग गोठून भिंत होतो आणि पातळ भागाच्या जागी पोकळी राहते. त्या पोकळीलाच आपण छिद्र म्हणतो.

हे तडकन झालं तर वर पातळ कातडी आणि खाली बोटांसारख्या लांब पोकळ्या येतात. मॅक्रोव्हॉइड म्हणतात ते हेच. सावकाश झालं तर वरचा थर दाट होतो आणि खाली स्पंजासारखी रचना येते. मधल्या छटा असंख्य आहेत आणि आपली सगळी कारागिरी त्या छटांतच चालते.

आता पीव्हीपीकडे या. ते डोपमध्ये दोन कामं करतं आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक म्हणजे ते डोपला फाटण्याच्या काठावर नेऊन ठेवतं. पीईएसला आधीच एनएमपी वाटून घ्यावं लागतं, त्यात पाणी प्रिय असलेला दुसरा पॉलिमर आला की थोड्याच पाण्यात गाडी बिघडते. म्हणजे फाटणं लवकर. दुसरं म्हणजे ते डोप घट्ट करतं. घट्ट डोपमध्ये पाणी आत आणि एनएमपी बाहेर ही देवाणघेवाण रेंगाळते. म्हणजे फाटणं उशिरा. २ ते ६ टक्क्यांत पहिल्या कामाची सरशी झाली, ८ पासून दुसऱ्याची. तुमच्या आलेखाचा उंटाच्या पाठीसारखा आकार चूक नाही, तो यायलाच हवा होता. तो आला नसता तर मी तुमच्या वजनकाट्यावर संशय घेतला असता. शिखर नेमकं ६ वरच येईल असं मात्र धरू नका. के-९० घेतलं तर साखळ्या कितीतरी लांब, डोप लगेच घट्ट, आणि शिखर अलीकडे सरकतं.

तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात. सगळं पीव्हीपी निघून जातच नाही. काही साखळ्या पीईएसच्या भिंतीत गुंतून राहतात. ते चांगलंही आहे, कारण पीईएस स्वतः पाण्याशी फटकून वागतं आणि हे राहिलेलं पीव्हीपी त्याला पाण्याशी बोलायला लावतं. डायलिसिसच्या पोकळ तंतूंमध्ये पॉलिसल्फोनबरोबर पीव्हीपी असतं ते याचसाठी. पण जास्त राहिलं तर ते छिद्राच्या आतच फुगतं आणि वाट अडवतं. ८-१० टक्क्यांना तुमचा फ्लक्स पडला, त्यात रचना किती दोषी आणि हे फुगलेलं पीव्हीपी किती, हे नुसत्या फ्लक्सवरून सांगता येणार नाही.

ते ओळखायची एक स्वस्त युक्ती देतो. १० टक्केवाल्या शीटचे दोन तुकडे घ्या आणि दोघांचा फ्लक्स मोजा. मग एक तुकडा सोडियम हायपोक्लोराइटच्या २००० पीपीएम द्रावणात २४ तास बुडवा आणि दुसरा साध्या पाण्यात. बाजारातलं हायपो ४ टक्के असेल तर लिटरमध्ये ५० मिली पुरतं, पण आपल्या उन्हाळ्यात हायपो फार लवकर मरतं, तेव्हा वापरण्याआधी टायट्रेशन करून घ्या. पीएच ८ च्या आसपास ठेवा, त्या टप्प्यात ते पीव्हीपीच्या साखळ्या चांगल्या तोडतं. पीएच उतरवायला आम्ल घालताना मात्र सांभाळा, जास्त पडलं तर क्लोरिन वायू सुटतो. हे काम खिडकीशी आणि दुसरं कोणी जवळ असताना करा. नंतर दोन्ही तुकडे भरपूर धुऊन पुन्हा मोजा. हायपोवाल्याचा फ्लक्स उसळला तर अडवणारं पीव्हीपी होतं. जागचा हलला नाही तर रचनाच घट्ट आहे. प्रबंधात या एका प्रयोगाला पाच एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, फोटोंपेक्षा जास्त वजन येईल, असं माझं मत. फक्त हायपो दिवसेंदिवस लावून ठेवू नका, मग ते पीईएसलाही कुरतडायला लागतं.

एसईएमचा विषय निघालाच म्हणून सांगतो. आडवा छेद कात्रीनं कापून पाठवू नका, छिद्रं चेपतात आणि फोटोत भिंतच दिसते. ओला तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून कडकन मोडावा लागतो. ‘सोलापुरात द्रव नायट्रोजन कुठून आणू?’ असं एकानं मला विचारलं होतं. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी ते जिल्ह्याभर कॅनमधून फिरत असतं. ओळखीच्या पशुवैद्यकाला विनंती करा, थर्मासभर मिळतं. झाकण घट्ट लावू नका एवढंच.

अ‍ॅडिटिव्हचा हा खेळ पीव्हीपीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी खाऱ्या पाण्यातलं मीठ काढणारी, तरीही पुरेसं पाणी देणारी मेम्ब्रेन बनवली. त्यांची कृती बघा: सेल्युलोज अ‍ॅसिटेट २२.२ टक्के, अ‍ॅसिटोन ६६.७, पाणी १०, आणि मॅग्नेशियम पर्क्लोरेट फक्त १.१. ही फिल्म थंडीत ओतायची, बर्फाच्या पाण्यात बुडवायची आणि नंतर गरम पाण्यात शेकायची. त्याआधी त्याच पॉलिमरची सलग दाट फिल्म मीठ अडवायची, पण पाणी थेंबाथेंबानं द्यायची. यांच्या फिल्मला वर पातळ कातडी आणि खाली सच्छिद्र आधार मिळाला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात त्यावर पाणी गोडं करणारा संयंत्र चालू झाला. पुढे पर्क्लोरेटच्या जागी फॉर्मामाइड आलं आणि थंडीत ओतायची कटकटही गेली. १.१ टक्के मीठ धुऊन गेल्यानं २२ टक्के पॉलिमरला छिद्रं पडली, असं कोणी म्हणेल का? त्या मिठानं अ‍ॅसिटोन, पाणी आणि पॉलिमर यांचं आपसातलं नातं बदललं. पर्क्लोरेट आणि अ‍ॅसिटोन एकत्र करून हा प्रयोग कॉलेजात करून बघू नका, ते मिश्रण धोक्याचं आहे.

आता तुमचा जुलै. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण तो माझ्या खिशाला लागलेला आहे.

मी ओतकाम पुण्यात शिकलो. सोलापूरजवळ चिंचोळीला शेड टाकली तेव्हा पहिली कृती बसवली ती एप्रिल-मे मध्ये. आपल्याकडची मेमधली हवा तुम्हाला माहीत आहे. पारा ४० च्या वर, दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली-वर, बाहेर वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक. कृती सुंदर बसली. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि रोलवर दुधी पट्टे यायला लागले. टबात जायच्या आधीच फिल्म पांढरट होत होती. आठ दिवस मी पॉलिमरच्या पोत्याला शिव्या घातल्या. दोष हवेचा होता. एनएमपी पाण्याचं हावरट आहे, हवेतली वाफ ओढून घेतं. आर्द्रता सत्तरीच्या पुढे गेली की फिल्म पसरणाऱ्या सुरीपासून टबापर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटातही फिल्मचा वरचा थर वाफ पितो आणि टबात पडण्याआधीच तिथं सावकाश फाटायला सुरुवात होते. कातडी बनायच्या जागी मोकळी तोंडं तयार होतात. मोकळी तोंडं म्हणजे फ्लक्स जास्त आणि बीएसए गायब. नेमकं तुमच्यासारखं.

ही पद्धत मुद्दामही वापरतात. सूक्ष्मगाळणीच्या, म्हणजे ०.१ मायक्रॉन आणि त्यापुढच्या मेम्ब्रेनसाठी दमट हवेच्या पेटीतून फिल्म ठरलेला वेळ नेतात. पण ती ठरवून केलेली गोष्ट असते. आपल्याकडे ती आभाळ ठरवतं.

तुम्ही लिहिलंय की ओतायचं टेबल एका खोलीत आणि टब शेजारच्या बाथरूममध्ये. म्हणजे कधी २० सेकंद, कधी ४५, मध्ये दार कोणी लावलं असेल तर एक मिनिट. टब टेबलाखाली आणा. १० सेकंद ठरवा आणि प्रत्येक वेळी मोबाइलवर मोजा. ओतताना वरचा पंखा बंद. चारशे-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला लावा आणि वहीत प्रत्येक शीटपुढे तारीख, वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता आणि टबाचं तापमान लिहा. मेची आणि जुलैची शीट एका तक्त्यात टाकायची असेल तर या पाच रकान्यांशिवाय टाकू नका, परीक्षक पकडतील.

दमट हवेनं आणखी एक घात होतो, डब्यातच. पीव्हीपी आणि लिथियम क्लोराइड दोन्ही ओल खेचतात. एकदा पुरवठादाराकडून आलेल्या पीव्हीपीच्या ड्रमची आतली पिशवी नीट बांधलेलीच नव्हती. आम्ही वजन करून घातलेल्या १० किलोत पाणी किती होतं, हे डोप गढूळ झाल्यावर कळलं. तेव्हापासून नियम: पीईएस रात्रभर ८० अंशांच्या ओव्हनमध्ये, पीव्हीपी त्याहून जरा कमी तापमानावर पण कोरडं करून, आणि वजन झाल्याबरोबर बाटलीत.

टबाच्या पाण्याचंही सोलापुरी प्रकरण आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येणार, म्हणजे ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत साठणार, आणि मेच्या दुपारी टाकीतलं पाणी अंघोळीलाही चटका देणारं. उजनीचं पाणी वाईट नाही, पण ३८ अंशांच्या टबात पडलेली फिल्म आणि २५ अंशांच्या टबात पडलेली फिल्म या दोन वेगळ्या मेम्ब्रेन आहेत. गरम पाण्यात देवाणघेवाण जोरात होते, बोटं मोठी होतात आणि कातडीवर बारीक भोकांची शक्यता वाढते. बर्फाची लादी घ्या, २५ अंश धरून ठेवा. शिवाय प्रत्येक शीटबरोबर टबात एनएमपी साठत जातं. १० लिटरच्या टबात हाताएवढ्या दोन-चार शीटनं काही होत नाही, पण त्याच पाण्यात दिवसभर ओतत राहिलात तर सकाळची शीट आणि संध्याकाळची शीट जुळणार नाही, कारण टबातलं एनएमपी फाटणं मंद करतं. कधीकधी आम्ही हे मुद्दाम करतो, टबात आधीच थोडं एनएमपी घालून बोटं दाबतो. मुद्दाम केलं तर कृती, नकळत झालं तर गोंधळ.

ते पाणी नाल्यात ओतू नका. एनएमपी गर्भाला अपायकारक मानलं जातं, युरोपीय संघानं २०२० पासून त्याच्या वापरावर निर्बंध आणलेत. त्वचेतून शिरतं, आणि प्रयोगशाळेतले निळे पातळ नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ रोखत नाहीत. ब्युटाइल रबरचे जाड मोजे घ्या. महाग आहेत, पण एक जोडी वर्षभर जाते. वास येत नाही म्हणून निर्धास्त राहणारी मुलं मी खूप पाहिलीत. ‘डीएमएफ हा दुसरा द्रावक घेतला तर?’ असं तुम्ही विचाराल. ते यकृताला वाईट. डीएमएसओ त्या मानानं बरं, पण ते त्वचेतून जाताना त्यात विरघळलेलं बाकीचंही सोबत नेतं, आणि आपल्या डिसेंबरातल्या पहाटे बाटलीत गोठून बसतं, कारण त्याचा गोठणबिंदू १८.५ अंश आहे.

लिथियम क्लोराइडबद्दल गाइड चुकीचं सांगत नाहीयेत, पण प्रश्न वेगळा आहे. ते पीव्हीपीच्या रांगेतलं नाही. लिथियम एनएमपीच्या कार्बोनिल गटाला घट्ट धरतं, त्यामुळे विरघळताना डोप गरम होतो आणि नंतर चांगलाच दाट. पीव्हीडीएफ या मेम्ब्रेनच्या दुसऱ्या पॉलिमरमध्ये त्याची वागणूक भरपूर तपासलेली आहे: २-३ टक्क्यांना बोटं वाढतात, ७ च्या आसपास दबतात. म्हणजे तिथंही उंटाची पाठ आहेच. फायदा हा की ते पुरतं धुऊन जातं, मागं काही फुगत नाही. तोटाही तोच, मेम्ब्रेनला पाण्याची ओढ देणारं काही मागे राहत नाही. तुमचं पीव्हीपीचं काम अजून अर्धवट आहे, त्यात दुसरं अ‍ॅडिटिव्ह मिसळलंत तर कोणी काय केलं ते कळणार नाही. फार तर एक तुलना करा: पीव्हीपी ६ टक्के एकीकडे, आणि दुसरीकडे त्याच दाटपणाचा डोप होईल एवढं लिथियम क्लोराइड. दाटपणा सारखा ठेवला की उरलेला फरक फाटण्याच्या ओढीचा असतो.

दाटपणा मोजायला यंत्र नसेल तर लाजू नका. उंच मोजपात्रात डोप भरा, सायकलच्या बेअरिंगमधली गोळी सोडा आणि १० सेंटिमीटर पडायला किती सेकंद लागतात ते मोजा. तापमान २५ अंश. तुलनेपुरतं हे पुरेसं आहे. फाटण्याचा काठ मोजायचा तर २० ग्रॅम डोप ढवळत ठेवून त्यात निम्मं पाणी-निम्मं एनएमपी असं मिश्रण थेंबथेंब सोडा. नुसतं पाणी सोडलंत तर थेंब पडेल तिथं पांढरी गाठ होईल आणि ती तासभर विरघळणार नाही. गढूळपणा हटेनासा झाला की थांबा, किती पाणी गेलं ते काढा. पाचही डोपचे हे दोन आकडे शेजारी लिहा: काठावर यायला लागलेलं पाणी आणि गोळीचे सेकंद. पाणी कमी होत जाईल, सेकंद वाढत जातील, आणि तुमच्या फ्लक्सचं शिखर का आलं ते त्या दोन रकान्यांतून दिसेल. ग्राफ पेपरवर हातानं काढलात तरी चालेल.

पीईजी, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, या अ‍ॅडिटिव्हबद्दल दोन ओळी. पीईजी ४०० ला मी सौम्य बिघडवणारं म्हणतो. डोप फारसं घट्ट न करता काठाकडे नेतं, म्हणून ते बरंच जास्त घालता येतं. पॉलिसल्फोनमध्ये हात आखडता ठेवा, ते पाण्याला पीईएसपेक्षा लवकर नासतं. टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण, ग्राफीन ऑक्साइड वगैरेंचा मोह सध्या आवरा. कण डोपमध्ये नीट पसरले नाहीत तर तुम्ही मेम्ब्रेन बनवत नाही, वाळू घातलेलं प्लॅस्टर बनवता. पसरले आहेत हे दाखवायलाच अख्खं सत्र जातं.

आता फ्लक्सचा आकडा. तुमच्या ४७ मिमीच्या चकतीचं सगळं क्षेत्रफळ धरू नका, कडेचं रबर त्यातलं काही खातं. कामाचं क्षेत्र साधारण १४ चौरस सेंटिमीटर उरतं, म्हणजे ०.००१४ चौरस मीटर. ६ मिनिटांत २८ मिली आलं तर तासाला ०.२८ लिटर, भागिले ०.००१४, म्हणजे चौरस मीटरला तासाला २०० लिटर. तुम्ही १७ चौरस सेंटिमीटर धरलेत, त्यामुळे तुमचे सगळे आकडे मुळापेक्षा कमी आलेत. आणि मोजण्याआधी अर्धा तास जास्त दाबावर दाबून घ्या, नवी मेम्ब्रेन दाबाखाली चेपते. दोन बारचा दाब वापरणार असाल तर तीन बारवर चेपा.

बीएसएचा आकडा घ्यायच्या आधी भोक तपासा. शीट ओली करून खालून हवेचा एक बारचा दाब द्या आणि वर पाण्याचा थर ठेवा. पाणी भरलेल्या छिद्रातून हवा ढकलायला लागणारा दाब छिद्राच्या व्यासाच्या उलट चालतो. एक बारला बुडबुडा येतो तो जवळजवळ ३ मायक्रॉनच्या भोकातून. तुमच्या मेम्ब्रेनची छिद्रं त्याच्या शंभराव्या भागाची असायला हवीत. तेव्हा एक बारला एक जरी बुडबुडा आला तरी ते धूळ, हवेचा फुगा किंवा काचेवरच्या ओरखड्याचं भोक आहे, त्या तुकड्याचा बीएसए आकडा टाकून द्या. डोप रात्रभर स्थिर ठेवून हवा काढली नसेल तर अशी भोकं हमखास येतात. जुलैतली गळती वाफेमुळेच झाली असं मी वर म्हटलं, पण ही तपासणी केल्याशिवाय ते लिहू नका.

राहिलं डाईंगवाल्यांचं पाणी. त्यांना काय सांगायचं ते आधी ठरवा, कारण इथं नाक कापून घ्यायला फार वेळ लागत नाही. सुती टॉवेल-चादरीला रिअ‍ॅक्टिव्ह नाहीतर व्हॅट रंग लागतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा रेणू हजार डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं एकक) आसपासचा असतो. नेहमीचा रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ साधारण ९९१ चा. तुमची मेम्ब्रेन बीएसए अडवते, म्हणजे ६६ हजारांचा रेणू. हत्ती अडवणाऱ्या फाटकातून मांजर जाणार नाही का? पण गंमत अशी की सुरुवातीला जात नाही. पहिले १०-२० मिली स्वच्छ येतील, तुम्ही फोटो काढाल, गाइडना पाठवाल. तो रंग अडवलेला नसतो, मेम्ब्रेनच्या भिंतींना चिकटलेला असतो. भिंती भरल्या की रंग पलीकडे यायला लागतो. म्हणून पहिले ५० मिली फेकून द्या, पुढचे १०० घ्या आणि आत गेलेलं, बाहेर आलेलं, वर राहिलेलं या तिन्हींतला रंग मोजून बेरीज जुळते का बघा. बेरीज कमी पडली तर उरलेला रंग मेम्ब्रेनच्या अंगात आहे.

त्यांचं पाणी व्हॅटच्या धुण्याचं असेल तर गोष्ट वेगळी. हवा लागून ऑक्सिडाइझ झालेला व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण तरंगतात, आणि ते तुमची मेम्ब्रेन झकास अडवेल. तेव्हा डाईंग मास्तरांना आधी विचारा की कॅन कोणत्या टाकीतून भरला. कॅन रिअ‍ॅक्टिव्हचाच असेल तर आणखी एक विचारा, मीठ किती घातलं होतं. रंगवताना लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ जातं, आणि इतक्या मिठात रंगाचे रेणू एकमेकांना चिकटून मोठे होतात. मग खाऱ्या पाण्यात थोडा रंग अडलेला दिसतो आणि पातळ केलेल्या पाण्यात नाही. अशा पाण्याला तुमची मेम्ब्रेन नॅनोगाळणी किंवा आरओच्या आधी पहारेकरी म्हणून बसते, सूत, मेण, गाळ अडवायला. तेवढंच सांगा, ते खरं आहे आणि त्यांच्या कामाचंही.

शेवटचा बारीक प्रश्न होता की शीट वाळवून वहीत ठेवल्या तर कडक आणि आक्रसलेल्या का झाल्या. पाणी उडताना छिद्राच्या भिंतींना आत ओढतं, बारीक छिद्रं मिटतात आणि पुन्हा भिजवली तरी पुरती उघडत नाहीत. दोन दिवस पाणी बदलत धुवा, मग एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाण्यात रात्रभर ठेवा आणि त्यानंतरच सावलीत वाळवा. वापरायच्या आधी ग्लिसरीन धुऊन काढा. पीईजी अडवण्याची चाचणी टीओसीवर, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजून, करणार असाल तर अगदी निपटून धुवा, नाहीतर ग्लिसरीन आणि सुटणारं पीव्हीपी दोन्ही तुमच्या आकड्यात येऊन बसतील. आणि ओतल्याबरोबर प्रत्येक शीटचा वरचा उजवा कोपरा कापून ठेवा. वाळल्यावर हवेकडची बाजू कोणती आणि काचेकडची कोणती हे बघून कळत नाही, आणि उलटी बसवलेली मेम्ब्रेन अर्ध्या तासात चोंदते.